आभाराचं छप्पर

सान रुफोच्या स्टेशनावर चिपा विकणाऱ्या बावीस बायका होत्या आणि त्या बाविसांची पुढारीण होती न्या ब्राउलिया. ‘न्या’ हे काही तिचं नाव नव्हे. पोक्त बाईला आमच्याकडे तसंच म्हणतात. तिला कुणी निवडून दिलं नव्हतं. त्या काळात पराग्वे देशाचाच कारभार निवडणुकीवाचून मजेत चालला होता, तर चिपावाल्यांनी तेवढं खूळ कशाला डोक्यात घ्यावं? बाविसांत तिचा आवाज सगळ्यात मोठा आणि तिची टोपली सगळ्यात जड, एवढ्यावर ती पुढारीण झाली आणि राहिली.

चिपा करायला सोपा, विकायला अवघड. कसाव्याच्या पिठात चीज, अंडी, चरबी आणि बडीशेप घालून मळायचं, हातातल्या कड्यासारखं वळायचं आणि केळीच्या पानावर ठेवून मातीच्या भट्टीत भाजायचं. इथवर कुणालाही जमतं. पण राजधानीहून सरहद्दीकडे जाणारी गाडी सान रुफोला लाकडं आणि पाणी घ्यायला पंधरा मिनिटं थांबायची, तेवढ्यात डोक्यावरची टोपली न हलवता सगळ्या डब्यांच्या खिडक्या गाठायच्या, म्हाताऱ्याला मऊ आणि पोराला कुरकुरीत द्यायचा, शिवाय इंजिनवाल्याला एक फुकट द्यायचा म्हणजे तो दोन मिनिटं जास्त पाणी भरतो, याला अक्कल लागते.

ब्राउलियानं पहिली टोपली डोक्यावर घेतली ती लढाईच्या साली. गाड्या भरभरून सैनिक उत्तरेला चालले होते आणि ती वीस वर्षांची होती. नवरा क्रिसान्तो नंतर ऊसतोडणीला म्हणून नदीपलीकडे अर्जेंटिनात गेला. दर नाताळात त्याचं एक कार्ड यायचं, त्यात ‘येतोच’ असं लिहिलेलं असायचं. ती वीस कार्डं तिनं आरशाच्या कडेला खोचली होती. वाट पाहणं तिनं पाचव्या कार्डानंतर सोडून दिलं होतं.

तिच्या बैठकीत तसबिरीची चौकट एकच होती, पण तिच्यात चार जनरल होते. सरकार बदललं की ब्राउलिया चौकट उतरवायची, नवा जनरल पुढे आणि जुना मागे सरकवायची. “टाकायचा कशाला? परत आला तर?” असं ती म्हणायची.

या चार जनरलांच्या काळात तिनं एक विद्या आत्मसात केली होती. पहिल्याच्या वेळी काही काम असलं की पाद्रीबुवांकडे जायचं. दुसऱ्याच्या वेळी छावणीतल्या कर्नलच्या बायकोकडे, आणि जाताना हातानं विणलेली जाळीदार लेस न्यायची. तिसरा इतका थोडा टिकला की कुणाकडे जायचं ते कळायच्या आतच तो गेला. चौथा मात्र ठाण मांडून बसला. त्याच्या राज्यात सगळ्या वाटा पक्षाच्या गावशाखेकडे जात आणि गावशाखा म्हणजे औषधांच्या दुकानाचे मालक डॉन एपिफानियो. गळ्यात पक्षाचा लाल रुमाल, खिशात घड्याळ, आणि बोलणं असं हळू की समोरच्याला वाटावं भिंतीला कान आहेत. ते होतेही.

तर त्या वर्षी डिसेंबरात, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, स्टेशनावर नवा मास्तर आला. नाव बाल्दोविनोस. कोट उन्हातही बटणं लावून. त्यानं आल्या आल्या फलाटावर हुकूम चिकटवला: एक फेब्रुवारीपासून उघड्या फलाटावर विक्री बंद. विक्रेत्यांनी रेल्वेमान्य छपराखाली बसावं, छप्पर नसेल तर कुंपणाबाहेर.

कुंपण फलाटापासून दीडशे पावलांवर. पंधरा मिनिटांत तिथवर येऊन परत जाईल असा प्रवासी अजून जन्मायचा होता.

“म्हणजे भट्ट्या बंद,” सेनोना म्हणाली. सेनोना ही ब्राउलियाच्या मुलीची धर्ममाता, त्यामुळे दोघी एकमेकींना ‘कोमाद्रे’ म्हणायच्या आणि त्या नात्याच्या हक्कानं एकमेकींना टोचायच्या. “बोल कोमाद्रे, आता काय? तुझ्या आवाजानं छप्पर उभं राहतं का बघ.”

“आधी माझा वाढदिवस करू,” ब्राउलिया म्हणाली.

आणीबाणीचा कायदा होता. चारपेक्षा जास्त माणसं जमायची तर फौजदाराला कारण सांगावं लागे. सभा म्हटली की तो नाही म्हणे, वाढदिवस म्हटला की स्वतः येई. त्या वर्षातला ब्राउलियाचा हा तिसरा वाढदिवस.

“अभिनंदन, न्या ब्राउलिया,” फौजदार केक तोंडात कोंबत म्हणाला. “या वेगानं तुम्ही माझ्या आजीला गाठणार.”

“तुमच्या आजीला आमचा नमस्कार सांगा,” ब्राउलिया म्हणाली. तो गेल्यावर तिनं दार लावलं आणि ठराव झाला: छप्पर मिळवायचं.

मिळवायचं, पण मागायचं नाही. हे सगळ्यांना पाठ होतं. मागणी केली की ती तक्रार होते, तक्रारीचा विरोध होतो आणि विरोधाला फौजदार वाढदिवसाला येतो तसा येत नाही. म्हणून ब्राउलिया रीतीनं निघाली. पहिल्या दिवशी ताज्या चिपांची टोपली घेऊन डॉन एपिफानियोंकडे गेली आणि त्यांच्या बायकोच्या गुडघेदुखीची चौकशी करून परत आली. दुसऱ्या दिवशी डाव्या गुडघ्याचीही चौकशी केली. तिसऱ्या दिवशी उन्हाळा किती कडक आहे यावर बोलली, स्टेशनावर तर चटके बसतात म्हणाली आणि गप्प बसली.

डॉन एपिफानियोंनी चिपा मोडला. “तुम्हाला छप्पर हवंय.”

“मी कुठं काय म्हटलं?”

“म्हणूही नका. आभार माना.”

“कशाचे?”

“छपराचे. सरकारनं दिलं असं धरून आभाराचं पत्र धाडा. वरच्या माणसाला लाज वाटते, तो देऊन टाकतो. सगळे असंच करतात.”

सगळे असंच करत हे खरं. गाडीवानांच्या मंडळानं पुलाचे आभार मानले होते, न्हाव्यांनी आरशांचे. पण गाडीवानांना पूल मिळाला नव्हता, आणि का नाही मिळाला याबद्दल ब्राउलियाचं स्वतःचं मत होतं. “दोन ओळी लिहिल्या मेल्यांनी! दोन ओळींत कुणाला लाज वाटते?”

शाळेचे निकानोर मास्तर लिहायला बसले. ब्राउलिया उभी राहून सांगू लागली, आणि एकदा सांगू लागली की ती गाडी सुटल्याशिवाय थांबायची नाही. छप्पर वीस पावलं लांब आणि सहा पावलं रुंद आहे. पत्रा इतका चकचकीत की वरून उडणारे पोपट त्यात भांग पाडतात. खांब लाल रंगाचे, पक्षाच्या रुमालासारखे. बसायला बाकं, बाकांवर बसलेल्या म्हाताऱ्या चिपावाल्या दुपारी सावलीत डोळे पुसतात आणि जनरलसाहेबांना आशीर्वाद देतात.

“न्या ब्राउलिया,” मास्तर म्हणाले, “जरा जास्त होतंय.”

“होऊ दे. खिळ्यांचे राहिले.”

“खिळ्यांचे?”

“लिहा, एकेका खिळ्याबद्दल आम्ही ऋणी आहोत.”

बावीस अंगठे आणि सह्या झाल्या. गावशाखेचा शिक्का लागला, खाली डॉन एपिफानियोंनी झोकात सही केली आणि पत्र राजधानीला गेलं.

जानेवारीच्या मध्याला उत्तर आलं. जाड कागद, सोनेरी ठसा. ब्राउलियानं ते निकानोर मास्तरांकडून सगळ्यांसमोर वाचवून घेतलं. राजधानीतल्या त्या खात्याला (नाव घेत नाही, सगळी खाती एकाच शाळेत शिकलेली होती) सान रुफोच्या भगिनींची कृतज्ञता वाचून गहिवरून आलं होतं. छप्पर पूर्ण झाल्याची नोंद करण्यात आली होती. फाइल बंद करण्यात आली होती. सोबत पक्षाच्या वर्तमानपत्राचं कात्रण होतं, त्यात पत्र पोपटांसकट छापलं होतं.



“वा, कोमाद्रे,” सेनोना म्हणाली. “खिळ्यांचे आभार मानलेस ना? आता ते खिळे आपल्याच शवपेट्यांना कामी येतील.”

डॉन एपिफानियोंनी दुकान लावून घेतलं होतं. ब्राउलिया मागच्या दारानं शिरली तेव्हा ते स्वतःच्याच दुकानातलं पोटाचं औषध पीत होते.

“छप्पर नाही असं म्हणायचं नाही,” ते कुजबुजले. “ते म्हणणं म्हणजे वर्तमानपत्र खोटं. वर्तमानपत्र खोटं म्हणजे खातं खोटं. आणि खात्याच्या वर कोण बसलंय ते मी उच्चारत नाही.”

“आणि खाली तुमची सही आहे.”

“आठवण करून दिल्याबद्दल आभार.”

“माना, माना. तुमचे तरी कामाला येतात का बघू.”

त्या रात्रीची झोप गेली हे तिनं कुणाला सांगितलं नाही. बावीस भट्ट्या तिच्या जिभेनं विझवल्या होत्या. पण सकाळी पीठ मळताना तिच्या डोक्यात काहीतरी उजेड पडला असावा, कारण एक फेब्रुवारीला ती चुन्याची बादली घेऊन फलाटावर आली. वीस पावलं मोजली, सहा पावलं मोजली आणि पत्रात होता त्याच मापाचा चौकोन आखला. बावीसच्या बावीस जणी टोपल्या घेऊन त्यात उभ्या राहिल्या.

बाल्दोविनोस कोटाची बटणं लावत धावत आला. “हे काय? छपराखाली म्हटलं होतं!”

“छपराखालीच आहोत, साहेब.”

“कुठाय छप्पर?”

“तुमच्या डोक्यावर.”

त्यानं वर पाहिलं. वर स्वच्छ आभाळ होतं आणि एक घार. ब्राउलियानं पदरासारख्या गुंडाळलेल्या शालीतून कात्रण काढलं आणि त्याच्या हातात दिलं. त्यानं वाचलं. परत वर पाहिलं. परत वाचलं.

“पण बाई, मला तर...”

“काय दिसत नाही ते मोठ्यानं सांगा की,” ब्राउलिया गोड आवाजात म्हणाली. “तो बघा फौजदार तिकडे चिपा खातोय. त्यालाही ऐकू द्या.”

बाल्दोविनोसनं कात्रणाची घडी घातली, अगदी इस्त्रीसारखी, आणि परत दिली. “छान छप्पर आहे,” तो म्हणाला.

“पत्र्यावरून हात फिरवा हवं तर,” सेनोना मागून म्हणाली.

त्या दिवसापासून गाडी आली की बायका चौकोनात उभ्या राहून हाका मारायच्या आणि प्रवासी उतरून चौकोनाशी यायचे. धंदा थोडा मंदावला, पण बुडाला नाही. मजा म्हणजे बाल्दोविनोस फलाटावरून जाताना चुन्याच्या कोपऱ्याला वळसा घालून जाऊ लागला. एकदा तर हमालाला ओरडला, “अरे, खांब आहे तिथे!”

पण पाचव्या दिवशी तोच ब्राउलियाला बाजूला घेऊन म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात मास्तरकी नव्हती, “न्या ब्राउलिया, वीस तारखेला रेल्वेचा निरीक्षक येतोय. तो परदेशात शिकलेला आहे, त्याला वर्तमानपत्र दाखवून भागायचं नाही. तो फीत घेऊन मोजतो. त्या दिवशी तुम्ही कुंपणाबाहेर आणि मी नोकरीबाहेर.”

“तुम्हाला मुलं किती?”

“चार. का?”

“काही नाही. उन्हाळा फार आहे,” ब्राउलिया म्हणाली आणि सरळ निकानोर मास्तरांकडे गेली.

या वेळचं पत्र लहान होतं आणि तारेनं गेलं. छपराबद्दल पुन्हा आभार. फक्त एकच रुखरुख उरली आहे, खात्याच्या उपसचिवसाहेबांच्या हातून अजून उद्घाटन झालेलं नाही. भगिनींनी फीत बांधून ठेवली आहे.

डॉन एपिफानियोंना हे तार गेल्यावर कळलं. ते टोपी न घालता रस्त्यातून पळत आले, हे गावानं पहिल्यांदाच पाहिलं. “बाई, तुम्ही मला फासावर चढवणार! तो इथे येऊन काय पाहील? चुना?”

“तो येईपर्यंत छप्पर येईल.”

“कुठून?”

“ते मी कसं सांगू? मी आपली गरीब चिपावाली. माझी सही तिसरी आहे, शिक्क्याखाली कुणाची आहे?”

डॉन एपिफानियोंनी पायरीवर बसकण मारली. ब्राउलिया त्यांच्या शेजारी बसली, तेरेरेचा, म्हणजे पाल्याच्या गार काढ्याचा, पेला भरून नळी त्यांच्यासमोर धरली आणि त्यांनी तो मुकाट्यानं ओढला. “इतकी वर्षं मी तुमच्या दारात आले,” ती म्हणाली. “गुडघे विचारले, चिपा आणले. आता पहिल्यांदा आपल्या दोघांना एकच गोष्ट हवी आहे. कसं बरं वाटतं ना?”

“मला उलटी होतेय,” डॉन एपिफानियो म्हणाले.

आठ तारखेला उत्तर आलं: उपसचिव अठराला सकाळच्या गाडीनं येत आहेत.

त्यानंतरचे दहा दिवस सान रुफोत जे काम झालं ते आधीच्या दहा वर्षांत झालं नव्हतं. बाल्दोविनोसला गोदामामागे लोहमार्गाचे टणक जुने ओंडके पडलेले ‘आठवले’. फौजदारानं तुरुंगातले सहा कैदी मोकळे सोडले, त्यांतले दोन सुतार निघाले. पत्रा काही केल्या मिळेना. गावात कोरा पत्रा एकाच ठिकाणी होता, गावशाखेच्या कचेरीवर. डॉन एपिफानियो एक अख्खा दिवस त्या छपराकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी कचेरीवर पत्रा नव्हता. पक्षाच्या बैठकी मग आंब्याच्या झाडाखाली होऊ लागल्या, आणि फळ पिकायला लागल्यावर फार वेळ चालेनाशा झाल्या.

बावीस बायका दिवसभर कामकऱ्यांना चिपा पुरवत होत्या. गाडीवानांच्या मंडळाचा म्होरक्या येऊन कुंपणाला टेकून बघत बसायचा.

“न्या ब्राउलिया, हे कसं जमवलंत हो?”

“तुम्ही खिळे विसरलात,” ती म्हणाली.

सतराच्या संध्याकाळी शेवटचा खांब रंगवला गेला. अठराला गाडीतून उपसचिव उतरले. गोल, घामेजलेले आणि तसे चांगले गृहस्थ. वाद्यं वाजली, फीत कापली. उपसचिवांनी वर पाहिलं आणि म्हणाले, “दीड महिना उभं आहे आणि कसं नव्यासारखं!”

“बायका रोज पुसतात, साहेब,” बाल्दोविनोस पटकन म्हणाला.

उपसचिव भारावले आणि खांबावर हात ठेवून भाषणाला उभे राहिले. पाऊण तास बोलले. हात काढला तेव्हा पंजा लालभडक होता. डॉन एपिफानियोंनी डोळे मिटून घेतले. पण निकानोर मास्तर ओरडले, “पक्षाचा रंग साहेबांच्या हातात!” आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की उपसचिवांनी तो पंजा उंच धरून सगळ्यांना दाखवला.

गाडीत चढता चढता त्यांनी ब्राउलियाला विचारलं, “आणखी काही अडचण आहे का, सेन्योरा? निःसंकोच सांगा.”

 निःसंकोच सांगणारी माणसं सान रुफोनं पाहिली होती, आणि नंतर बरेच दिवस पाहिली नव्हती.

“अडचण कसली, साहेब?” ब्राउलिया म्हणाली. “छपराशेजारी तो नळ दिलात, त्यातच सगळं आलं.”

उपसचिवांनी चिटणीसाकडे पाहिलं, चिटणीसानं वहीत काहीतरी टिपलं, आणि गाडी हलली. डॉन एपिफानियोंनी बाकाचा आधार घेतला. सुदैवानं बाक तयार होतं.

वीस तारखेला परदेशात शिकलेला निरीक्षक आला. त्यानं फीत काढली. वीस पावलं, सहा पावलं, बाकं, खांब, सगळं मोजून झालं. पण छपराखाली एकही बाई नव्हती. फेब्रुवारीच्या दुपारी पत्रा असा तापला होता की खाली भट्टीशिवाय चिपा भाजून निघाला असता. बावीस टोपल्या तिथे ओळीनं ठेवलेल्या होत्या, आणि बायका एकेक परडी भरून घेऊन खिडक्यांकडे पळत होत्या, पूर्वीसारख्याच.

“विक्रेते कुठे आहेत?” निरीक्षकानं विचारलं.

 ब्राउलिया डब्याच्या खिडकीतून मागे वळली.

“विक्री छपराखालीच चालू आहे, साहेब. माल बघा ना कुठे ठेवलाय. आम्ही फक्त गिऱ्हाइकाला पोचवतो.”

निरीक्षकानं हुकूम काढून वाचला. त्यात पोचवण्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. त्यानं छपराखाली पाऊल टाकलं, लगेच बाहेर काढलं, टोपीनं वारा घेतला आणि वहीत लिहिलं: छप्पर आहे, योग्य आहे.

“कोमाद्रे, चौथा डबा!” सेनोना ओरडली. “तिकडे एक पाद्रीबुवा हात हलवतोय, आणि तू साहेबाशी गप्पा मारतेस!”

ब्राउलियानं निरीक्षकाच्या हातात एक गरम चिपा ठेवला, मऊ की कुरकुरीत हे तोंडाकडे बघूनच ठरवून, आणि चौथ्या डब्याकडे धावली. इंजिनवाला त्या दिवशी तीन मिनिटं जास्त पाणी भरत होता.